कोवळी आणि कच्ची यांतला फरक: हलक्या पीटची तरुण स्कॉच जोखायची कशी?

कोजागिरी

स्कॉटलंडमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत उभ्या राहिलेल्या डिस्टिलऱ्यांचा माल आता बाटल्यांत भरून बाहेर पडतोय. बहुतेक बाटल्यांवर वय छापलेलं नसतं. ओकच्या पिंपात ३ वर्षं काढली की कायद्याने स्कॉच म्हणता येतं, आणि वय छापायचंच तर मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या थेंबाचं छापावं लागतं. मग "४ वर्षं" लिहिण्यापेक्षा नुसतं नाव लिहितात. त्यात मला गैर काही वाटत नाही.

प्रश्न आहे तो जोखण्याचा. १२ किंवा १५ वर्षांच्या माल्टची (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीची) मोजपट्टी लावली तर ही व्हिस्की दर वेळी नापास होणार. "वयाच्या मानाने बरी आहे" म्हणत सूट देत गेलो तर चांगली कुठली आणि वाईट कुठली हेच कळेनासं होतं.

माझं मत आधी सांगते. (पीट म्हणजे दलदलीत दबलेलं शेवाळ आणि झुडपं; ते जाळून बार्ली वाळवली की व्हिस्कीला धुराचा वास येतो.) जबर पीट असलेली कोवळी व्हिस्की धुराच्या आडोशाला उभी असते, तिच्यातलं बरंच काही झाकलं जातं. हलक्या पीटला तो आडोसा नाही. धूर थोडा, वय थोडं, म्हणजे गाळलेलं स्पिरिट जवळजवळ उघडं. नव्या डिस्टिलरीची खरी परीक्षा इथेच होते.

बोलायला एक ठरावीक बाटली घेऊ: आइल ऑफ रासे, आर-०१ मालिका, ४६.४ टक्के. रासे हे स्काय आणि मुख्य भूमी यांच्या मधलं छोटं बेट, डिस्टिलरी २०१७ ची. पीटेड आणि बिनपीट अशी दोन स्पिरिट, दोन्ही तीन-तीन तऱ्हेच्या पिंपांत (अमेरिकन राय व्हिस्कीची, कोऱ्या चिंकापिन ओकची आणि बोर्दो रेड वाइनची) आणि शेवटी त्या सहांचं मिश्रण. रंग घातलेला नाही, चिल फिल्टर (गार करून गाळणं) केलेली नाही.

तुम्ही अशा बाटलीत काय शोधता, कोणत्या क्रमाने, आणि कशाला दोष म्हणता? नुसतं "स्मूद आहे" नको, तपशील हवेत.

तांब्याचा_बंब

मत पटलं. पद्धत लिहितो, कारण निम्मी चुकीची मतं चुकीच्या ग्लासातून येतात.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा हवा, ग्लेनकेर्न किंवा शेरीचा कोपिता. रुंद तोंडाच्या ग्लासात हलका धूर उडून जातो आणि नाकाला नुसता अल्कोहोल भेटतो. लिंबाच्या वासाच्या साबणाने घासलेला ग्लास गरम पाण्याने तीनदा विसळा. कोवळ्या माल्टमध्ये लिंबाची साल आणि हिरवं सफरचंद मुळातच असतं, त्यात साबणाची भर पडली तर काय कोणाचं ते सांगता येत नाही. फडक्याने पुसू नका.

तापमान १८ ते २० अंश. मे महिन्यात मुंबईत खोलीच ३२ अंशांवर असते, तेव्हा अल्कोहोल आधी नाकात शिरतो आणि माल विनाकारण "तिखट" ठरतो. ओतलेला ग्लास बशीने झाकून गार पाण्याच्या भांड्यात ५ मिनिटं ठेवला की काम होतं. बर्फ ग्लासात टाकायचा नाही.

माप २५ मिलि. झाकून १० मिनिटं थांबा. नाक काठाच्या थोडं वर, तोंड किंचित उघडं, तीन छोटे हुंगे आणि मग अर्धा मिनिट विश्रांती. धुराला नाक फार लवकर सरावतं. सलग हुंगत बसलात तर पाच मिनिटांत "धूरच नाही" असं वाटायला लागेल.

पहिला घोट फक्त जिभेची ओळख व्हावी म्हणून. त्यावर मत बनवायचं नाही. दुसरा घोट अर्धा चमचा, १० सेकंद तोंडात फिरवून गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. हलका पीट बहुतेक वेळा या श्वासात सापडतो, जिभेवर नाही.

मग पाणी. ४६.४ टक्क्यांच्या २५ मिलिमध्ये ४ मिलि घातलं की ४० टक्के होतं. आणखी ४ घातलं की ३५. एकूण ३३ मिलि घातलं की २०, पण तो ग्लास फक्त हुंगायचा. ब्लेंडर लोक पिंपांचे नमुने याच पातळीवर हुंगतात, कारण अल्कोहोलचा पडदा हटला की दोष उघडे पडतात. (मिसळल्यावर आकारमान किंचित आकसतं, ते हिशेबात धरलेलं नाही.) डोळ्यांत औषध घालायचा ड्रॉपर नको, त्याच्या रबराला वास असतो. सुई काढलेली ५ मिलिची सिरिंज उत्तम.

शेवटची पायरी बरेच जण गाळतात. रिकामा ग्लास न धुता झाकून ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडालेला असतो, उरतं ते लाकूड आणि राख. माल कच्चा असेल तर ओला पुठ्ठा.

आगटी

खोलीचंही लिहा. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, शेजारच्या घरची फोडणी यांतलं काहीही चालू असेल तर हलक्या पीटचं परीक्षण त्या दिवशी करूच नये. जळत्या वस्तूच्या धुरात आणि पीटमध्ये बरीच संयुगं सारखी असतात. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही तितक्याच घातक, ग्लास त्या कपाटात ठेवलेला असेल तर संपलंच.

रसायनी

पीपीएमबद्दल (दशलक्ष भागांत किती भाग) लिहितो, कारण "हलका पीट" म्हणजे नक्की किती हा घोळ नेहमीचा आहे.

बार्लीला मोड आणून ती भट्टीवर वाळवताना खाली पीट जाळतात. टरफल ओलसर असेपर्यंतच धूर त्याला धरतो, दाणा वाळला की पुढचा धूर वाया. पीपीएम हा त्या वाळलेल्या माल्टमधल्या फिनॉलचा (धुराच्या वासाच्या संयुगांचा) आकडा आहे, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. माल्ट दळून भिजवणं, आंबवणं आणि दोनदा गाळणं यांत निम्म्याहून अधिक फिनॉल गळतात.

ढोबळ मानाने १५ च्या खाली हलका, १५ ते ३० मध्यम, त्यावर जड. काही डिस्टिलऱ्यांचे आकडे: स्प्रिंगबँक १२ ते १५, बेनरोमाक साधारण १२, आर्डमोर १२ ते १४, बोमोर २५, आर्डबेग ५५.

धुरातही प्रकार आहेत. ग्वायाकॉल म्हणजे गोडसर लाकडी धूर. क्रेसॉल म्हणजे डांबर, कोळसा, जखमेवरचं औषध. टिपण लिहिताना नुसतं "स्मोकी" न लिहिता यांपैकी कुठला ते लिहिलंत तर वाचणाऱ्याला खरा उपयोग होईल.

दर्यावर्दी

आकडे बरोबर, पण त्यांवरून चवीचा अंदाज बांधायचा प्रयत्न सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. लागावुलिन आणि कूल ईला, दोघांचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून येतो, पीपीएम ३५ च्या आसपास. एक जड, तेलकट, गोड. दुसरी हलकी, लिंबट, राखेची. फरक भट्टीत नाही, तांब्यात (गाळायच्या भांड्यात) आणि कटमध्ये (गाळपातला कुठला भाग ठेवायचा त्यात) आहे.

रसायनी

दर्यावर्दी, सहमत. कटचा मुद्दा इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून वाढवतो. दुसऱ्या गाळपात आधी हेड्स येतात, मग ठेवायचा मधला भाग, शेवटी फेंट्स. फिनॉल उशिरा उतरतात. माल्टमध्ये पीट कमी आणि बाटलीत धूर तर हवा, असं असलं की कट उशिरापर्यंत लांबवायचा मोह होतो. पण त्याच वेळी घामट कातडं, कुबट पुठ्ठा, शिळं तेल असे वासही उतरायला लागतात. जुन्या मालात पिंप ते हळूहळू खातं. ३-४ वर्षांत खात नाही. कोवळ्या, हलक्या पीटच्या बाटलीत नेहमी सापडणारा दोष हाच, आणि पुष्कळ जण त्यालाच "मातकट पीट" समजून शाबासकी देतात.

ओळखायचं असं: २० टक्क्यांच्या ग्लासात धूर पातळ होतो पण स्वच्छ राहतो. फेंट्स असतील तर पाण्याने ते वर येतात, आणि आधी मातीसारखा वाटणारा वास ओल्या गोणपाटासारखा होतो.

शेवगा

"ओलं गोणपाट" हे शंभर टक्के. नेमका शब्द सापडत नव्हता.

कोजागिरी

रसायनी, हे सोन्यासारखं आहे. मग कोवळेपणाचे निर्दोष वास कुठले, दोष कुठले, अशी वेगळी यादी करता येईल का?

निरगुडी

कोजागिरीताई, मी करते प्रयत्न.

कोवळेपणाचे, म्हणजे ज्यांच्यासाठी गुण कापू नयेत असे वास: नाशपती, हिरवं सफरचंद, कच्चं केळं, भिजवलेली कणीक, ताजी लाही, उसाचा रस, लिंबाची साल. यातले बहुतेक आंबवण्यात तयार झालेल्या एस्टरचे (फळांच्या वासाच्या संयुगांचे) आहेत. आंबवण ५० तासांत उरकलं तर धान्याचा वास पुढे राहतो, ८० ते १०० तासांवर नेलं तर फळं वाढतात. म्हणजे इथे तुम्ही डिस्टिलरीचा स्वभाव हुंगत असता. तो दिसला तर चांगलंच.

दोष: उकडलेला कोबी किंवा विझलेली काडी (गंधक, गाळताना तांब्याचा संपर्क कमी पडल्याचं लक्षण), ओकारीसारखा आंबूस वास, नेलपॉलिश, ओला पुठ्ठा. गंधकाबाबत एक सवलत. विझलेल्या काडीचा वास ग्लासात १५-२० मिनिटांत उडाला तर सोडून द्या. कोबी मात्र जात नाही.

आणि एक मधली गोष्ट आहे, तिला मी दोष म्हणत नाही पण गुण जरूर कापते: लाकूड आणि स्पिरिट यांचं न जमणं. वर व्हॅनिला, लवंग, गडद रंग, आणि खाली कोरं स्पिरिट तसंच. वरणात पाणी वेगळं दिसावं तसं.

सागवानी

निरगुडी यांच्या शेवटच्या परिच्छेदाचं कारण असं. पिंप तीन कामं करतं. लाकडातून द्रव्यं देतं (व्हॅनिलीन, लॅक्टोन, टॅनिन), जळलेल्या थरातून गंधकासारखी द्रव्यं शोषून घेतं, आणि हवेच्या संथ संपर्कात स्पिरिटचीच द्रव्यं बदलत नेतं. पहिलं काम झपाट्याने होतं, कोऱ्या ओकमध्ये तर वर्षभरात रंग भरतो. दुसऱ्याला काही वर्षं लागतात. तिसरं सगळ्यात सावकाश, त्याला दुसरा उपाय नाही.

नव्या डिस्टिलऱ्या जी हत्यारं वापरतात, म्हणजे कोरा ओक, १२५ लिटरचं क्वार्टर कास्क, खरवडून-भाजून पुन्हा जाळलेली वाइनची पिंपं, ती सगळी पहिल्या कामाला गती देतात. दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला जवळजवळ नाही. म्हणून रंगावरून वय ठरवू नका. शिवाय स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. रासेवाले घालत नाहीत हे चांगलं.

आणखी एक सापळा. ग्वायाकॉल आणि लवंगेचा युजेनॉल भाजलेल्या ओकमधूनही येतात. कोऱ्या चिंकापिनचा मसालेदार धूर आणि पीटचा धूर एकमेकांत मिसळतात. मी फरक असा करतो: लाकडाचा मसाला हिरड्यांवर आणि जिभेच्या टोकाला कोरडा, तुरट लागतो. पीट गिळल्यावर घशाच्या मागून नाकात येतो. डांबर किंवा औषधाची झाक असेल तर ती पीटचीच धरायची.

आगटी

वासांच्या शब्दांवर थोडं अवांतर. इंग्रजी टिपणांत हेदर (तिकडच्या माळावरचं झुडूप), टॉफी ॲपल, बॉनफायर असं वाचून आपण तेच लिहीत बसतो. हलक्या पीटच्या कोवळ्या माल्टला हुरड्याइतका चपखल शब्द नाही. आगटीत भाजलेलं ज्वारीचं कोवळं कणीस: हिरवं धान्य, किंचित गोडवा, वरून धूर. तिन्ही गोष्टी त्याच प्रमाणात.

शेवगा

वा! त्यात भर: भाजलेल्या वांग्याची साल (आर्डमोर), ओव्याची धुरी (औषधी पीट), ऊद (गोड धूर, शेरीच्या पिंपातला), सुकट (समुद्राकाठचा खारट पीट).

दर्यावर्दी

सुकट बरोबर, पण बोंबील वेगळा हं. बोंबलाचा वास आला तर बाटलीत काहीतरी बिघडलंय.

निरीक्षक

एक हरकत. आगटी शेण्यांची असते, त्या धुराचा पीटशी संबंध नाही. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेलं शेवाळ आणि झुडपं. त्यातही ऑर्कनी बेटांवरच्या हॉबिस्टर मूर या माळाचा पीट हेदरचा, आयला बेटाचा वेगळा. शब्द आपले असावेत हे मान्य, पण नेमकेपणा जाऊ नये.

आगटी

निरीक्षक, रास्त. पण टिपणाचं काम वासाची आठवण पक्की करणं, धुराची वंशावळ सांगणं नाही. ज्याने हुरडा खाल्लाय त्याला तो वास पुन्हा हुडकता येतो, हेदर न पाहिलेल्याला हेदर हुडकता येत नाही. एकच शब्द दर वेळी एकाच वासासाठी वापरायचा, एवढी शिस्त पाळली की नेमकेपणा आपोआप येतो.

चांदोबा७७

आयला नाही, आइले ना?

दर्यावर्दी

आयलाच. शेवटचा वाय उच्चारत नाहीत. मराठी माणसाला हा उच्चार लक्षात ठेवायला अजिबात कष्ट नाहीत!

कोकणकडा

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी: हलका पीट म्हणजे काय हे कळायला आधी महागडी बाटली नको. टीचर्स आपल्याकडे गल्लोगल्ली मिळते, तिच्यातला धूर मुख्यतः आर्डमोरचा. अबर्डीनशायरमधली ही डिस्टिलरी १८९८ मध्ये टीचर घराण्यानेच काढली. टीचर्सचा २० टक्क्यांवर आणलेला ग्लास आणि कुठल्याही बिनपीट ब्लेंडचा तसाच ग्लास शेजारी ठेवून हुंगा. जो फरक सापडेल तो हलका पीट.

तांब्याचा_बंब

हे उत्तम आहे. माझ्या पद्धतीत ही शून्यावी पायरी म्हणून घ्या.

नितळ

पाण्याबद्दल दोन गोष्टी.

पहिली, ते घालावं का? २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकॉल यांच्या मिश्रणाचं संगणकावर अनुकरण करून पाहिलं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी जमतो. ५९ च्या वर इथेनॉलचे रेणू त्याला वेढून आत ठेवतात. म्हणजे पाण्याने धूर नाकाजवळ येतो, या अनुभवाला आधार आहे. अर्थात खऱ्या व्हिस्कीत शेकडो संयुगं असतात, तिथे तीनच होती. म्हणून "पाणी घातलंच पाहिजे" असं त्यातून निघत नाही. घालून पाहिलंच पाहिजे, एवढं मात्र नक्की निघतं.

दुसरी, कुठलं? नळाचं पाणी नको. त्यातला क्लोरीन फिनॉलशी जुळून क्लोरोफिनॉल तयार होतात, त्यांचा वास अगदी दवाखान्याचा, आणि नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही कळतात. ४ मिलि पाण्याने फारसं बिघडणार नाही, पण ३३ मिलिच्या ग्लासात तुम्ही पालिकेचं पाणी हुंगून "औषधी पीट" असं लिहून बसाल. बोअरचं जड पाणीही नको. घरचं आरओ किंवा कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी, व्हिस्कीइतक्याच तापमानाचं.

पाण्याने किंवा गारव्याने ग्लास धुरकट दिसला तर घाबरू नका. चिल फिल्टर न केलेल्या मालात लांब साखळीचे एस्टर असतात, ते थिजतात. तो दोष नाही.

चांदोबा७७

जळजळ होते ती कोवळेपणामुळे की जास्त टक्क्यांमुळे, हे कसं कळणार?

नितळ

४० वर आणा. टक्क्यांची जळजळ पाण्याने लगेच उतरते. कच्चेपणाची उतरत नाही, फक्त जागा बदलते: जिभेवरून घशात जाते आणि मागे कडवट, धातूसारखी चव सोडते. आणि दोन तास आधीपासून तिखट खाऊ नका. मिरचीने भाजलेल्या तोंडाला प्रत्येक माल्ट कच्चाच लागेल.

कोकणकडा

मग चखणा?

तांब्याचा_बंब

परीक्षण होईपर्यंत कोरी पोळी किंवा बिनमिठाचं बिस्किट. नंतर काय हवं ते.

दर्यावर्दी

मूळ बाटलीकडे वळू. "हलका पीट" दोन वाटांनी होतो. एक, भट्टीतच धूर कमी द्यायचा, जसं स्प्रिंगबँक, बेनरोमाक, आर्डमोर. दोन, जड पीटचं आणि बिनपीटचं स्पिरिट वेगवेगळं मुरवून शेवटी मिसळायचं. रासे दुसऱ्या वाटेची, आर्डनामर्खनची ४६.८ टक्क्यांची एडी मालिकाही तशीच. माझ्या मते चवीत हे कळतं. पहिल्या वाटेचा धूर धान्यात विरघळलेला असतो. दुसऱ्या वाटेचा वेगळ्या थरासारखा तरंगतो, आणि कोवळ्या वयात तो थर जास्तच सुटा दिसतो.

रसायनी

इथे मी सहमत नाही. मिसळल्यावर फिनॉलचा रेणू कुठल्या पिंपातून आला हे त्याला आठवत नसतं. फरक पडू शकतो तो कटमुळे. बिनपीट स्पिरिट लवकर तोडून स्वच्छ ठेवता येतं आणि पीटेड स्पिरिटपुरताच कट लांबवता येतो. असं केलं असेल तर मिश्रणात फेंट्स उलट कमीच असतील. म्हणजे दुसरी वाट कोवळ्या मालासाठी फायद्याचीच ठरते.

दर्यावर्दी

तुमचं गणित पटतंय, पण माझं नाकही तिथेच आहे. आंधळी चाचणी हवी.

निरीक्षक

करायची तर नीट करा. त्रिकोणी चाचणी: तीन ग्लास, दोघांत एक माल, तिसऱ्यात दुसरा. प्रत्येकी १५ मिलि, सगळे ४० टक्क्यांवर आणलेले, नाहीतर टक्क्यांवरूनच ओळखता येतात. ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळा, रंग दिसता कामा नये. ओतणारा वेगळा, त्याने खोलीत थांबायचं नाही. वेगळा ग्लास ओळखायचा, बस. अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून सहा फेऱ्यांत किमान पाचदा बरोबर आलं तरच "कळतं" म्हणायचं. एका बैठकीत तीनच फेऱ्या. थुंकायला पेला ठेवा, गिळलंत तर दुसऱ्या फेरीनंतरचे निकाल फेकून द्या.

मंजिरी_पणजी

पीट आणि कोवळं वय म्हटल्यावर गोव्याचा विषय निघायलाच हवा. कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची एडिटेड हलक्या पीटचीच आहे. बेंगळुरूच्या अमृत फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीसोबत स्कॉटलंडची पीटेड बार्ली असते. वयाने दोन्ही तरुण, पण कच्ची म्हणता येणार नाहीत. आपल्या उन्हात ५ वर्षं म्हणजे तिकडची १५, असं म्हणतात ना?

सागवानी

मंजिरी, दोन्ही बाटल्या छानच आहेत, पण तो गुणाकार मी मानत नाही. उष्णतेने लाकडातून द्रव्यं झटपट येतात आणि बाष्पीभवन वाढतं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडतात, आपल्याकडे १० च्या घरात. पण मी वर लिहिलेली तीन कामं एकाच पटीने वेगवान होत नाहीत. म्हणून आपला ५ वर्षांचा माल्ट लाकडाच्या बाबतीत प्रौढ असतो, आणि १५ वर्षांच्या स्कॉचमधला तो जुना, मेणचट, सुक्या फळांचा सूर त्यात नसतो. तो वेगळा पदार्थ आहे, त्याची मोजपट्टीही वेगळी हवी. रासेशेजारी ठेवून प्या जरूर, गुणांची तुलना करू नका.

संपादक

चर्चा सुंदर चालली आहे. फक्त आठवण: महाराष्ट्रात यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. खरेदी-विक्रीचे प्रतिसाद उडवले जातील.

कोजागिरी

सगळ्यांचे आभार. वरच्या पद्धतीने आर-०१ चं टिपण करून टाकते. खोली २० अंश, आरओचं पाणी, २५ मिलि, १० मिनिटं झाकून.

४६.४ वर नाक: आधी काळ्या द्राक्षांचा आणि जांभळाचा गोड वास, तो वाइनच्या पिंपाचा धरते. मागे भिजवलेली कणीक, नाशपती. धूर तिसऱ्या हुंग्यात, गोडसर, डांबर नाही. विझलेल्या काडीची झाक होती, १५ मिनिटांत गेली.

तोंडात: सुरुवात गोड, मध्यावर मिरी आणि लवंग हिरड्यांवर, सागवानी म्हणतात तशी कोरडी. राख गिळल्यानंतरच्या श्वासात. शेवट मध्यम, एक मिनिटाच्या आत संपतो.

४० वर: जळजळ जवळजवळ गेली, घशात कडवट काही नाही. धूर पुढे आला. हुरडा, अगदी हुरडा. ३५ वर सैल पडते, तिथे पिऊ नये.

२० वर नुसतं नाक: गोणपाट नाही, कोबी नाही. धान्य आणि पातळ, स्वच्छ धूर. पण लवंग मात्र धान्यापासून सुटी उभी. वरणातलं पाणी ते हेच.

सकाळचा ग्लास: राख, कोको, ओलं लाकूड. पुठ्ठा नाही.

म्हणून माझं म्हणणं: स्पिरिटमध्ये दोष नाही, कट स्वच्छ आहे, लाकूड घाईत आहे. ही कोवळी आहे, कच्ची नाही. नाकाला २५ पैकी २१, चवीला २१, शेवटाला १९, मेळाला १९. एकूण ८०. वयासाठी सूट एकाही गुणाची दिलेली नाही.

निरगुडी

मेळाला १९ योग्य. मी शेवटाला २० दिले असते, पण ते एका गुणाचं भांडण.

रसायनी

स्वच्छ कट असेल तर दर्यावर्दींचा "सुटा थर" म्हणजे धूर नसून चिंकापिनची लवंग असण्याची शक्यता मला जास्त वाटते. चाचणीत एक ग्लास फक्त कोऱ्या ओकमधल्या बिनपीट माल्टचा ठेवता येईल का?

दर्यावर्दी

ठेवू. निरीक्षकांनी ओतायचं, मी नाक लावतो.

तांब्याचा_बंब

कोजागिरीताई, बाटली आता उघडली आहे तर तीन आठवड्यांनी हेच पुन्हा करा. हलका धूर हवेने सगळ्यात आधी उतरतो, आणि काही वेळा त्याच काळात सुटं लाकूड थोडं मिसळतंही. मेळाचे गुण वाढले की घटले ते इथेच लिहा. बाटली उभी ठेवा, ४० टक्क्यांवरची व्हिस्की आडव्या बाटलीत बूच खाते. एक तृतीयांश उरली की छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, नाहीतर तिसऱ्या टिपणापर्यंत धूर उरणार नाही.